‘पापे पदरी घेणे’ म्हणजे पाप करणे की कबूल करणे?

प्रश्न असा आला आहे: मुंबईतल्या एका मराठी ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) प्रभुभोजनाच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या, तयारीचं पत्रक छापायचं आहे. त्यात बायबलमधल्या योहानाच्या पहिल्या पत्रातलं वचन (१:९) घेतलंय, ‘जर आपण आपली पापे पदरी घेतली...’ पण घरात आपण ‘कशाला पाप पदरी घेतोस?’ म्हणतो ते ‘पाप करू नकोस’ या अर्थाने. तरुण मुलं बुचकळ्यात पडतात. मग ‘कबूल केली’ असं बदलावं का?

गोंधळ साहजिक आहे, कारण दोन्ही अर्थ अस्सल मराठी आहेत. पदर म्हणजे वस्त्राचं टोक. लुगड्याला असतो तसा उपरण्यालाही असतो. बाजारात माप घातलं की दाणे पदरात घ्यायचे आणि गाठ मारायची. गाठ मारली की माल आपला. ‘पदरचे पैसे’, ‘पदरमोड’, ‘पदरी माणसं बाळगणे’ या सगळ्यांत मालकीच आहे. तेव्हा ‘पाप पदरी घेणे’ म्हणजे पापावर आपली मालकी लावणे. पाप अजून घडलेलं नसेल तर अर्थ होतो ‘ओढवून घेणे’. घडून गेलेलं असेल तर अर्थ होतो ‘हे माझंच आहे असं म्हणणे’. योहानाच्या वाक्यात फरक ठरवणारा शब्द ‘आपली’ हा आहे. पापे आधीच आपली आहेत, फक्त आजवर दुसऱ्याच्या दारात ठेवली होती.

मूळ ग्रीक क्रियापद ‘होमोलोगेओ’. त्याची फोड ‘तेच बोलणे’ अशी होते. देव ज्याला लबाडी म्हणतो त्याला मीही लबाडीच म्हणायचं, ‘व्यवहार’ म्हणायचं नाही. ‘कबूल’ हा अरबीतून आलेला शब्द, त्यात स्वीकार आहेच. पण मराठी कानाला कबुली म्हटलं की कबुलीजबाब आठवतो, म्हणजे पुरावा पुढे आल्यावर निघालेला होकार. पदरी घेण्यात कोणी ओढून काढत नाही, पदर आपणच पुढे करतो.

याच कुळातले आणखी दोन वाक्प्रचार शेजारी ठेवले की सगळी वाट दिसते. ‘चूक पदरात घालणे’ म्हणजे ज्याची चूक त्याला पटवून देणे. ‘अपराध पोटात घालणे’ म्हणजे क्षमा करणे. बायबलमधलं ‘दुसरा शमुवेल’ हे पुस्तक, अध्याय १२ पाहा. नाथान संदेष्टा दावीद राजाला गरिबाच्या एकुलत्या एका मेंढीची गोष्ट सांगतो. राजा संतापतो, चौपट भरपाईची भाषा करतो, आणि नाथान म्हणतो, तो माणूस तूच. ही झाली चूक पदरात घालणं. ‘मी परमेश्वराविरुद्ध पाप केले आहे’ हे दावीदाचं पदरी घेणं. त्यावर देवाने क्षमा केली, ते पोटात घालणं. (‘पदरी पडले पवित्र झाले’ ही म्हण मात्र इथे लावू नये. पदरी घेतल्याने पाप पवित्र होत नाही.)

शौल राजाही ‘मी पाप केले आहे’ असंच म्हणतो (पहिला शमुवेल, अध्याय १५). पण आधी तो म्हणतो की मेंढरं लोकांनी राखून ठेवली, मग म्हणतो की मी लोकांना भ्यालो, आणि शेवटी मागतो काय, तर वडीलजनांपुढे माझा मान राख. शब्द तेच, पदर मात्र झटकलेला.

आता व्याकरणाची एक गोष्ट, आणि पत्रकात सर्वांत जास्त जागा हिला द्यावी असं माझं मत आहे. मराठीत कर्ता लपवणं फार सोपं आहे. ‘चूक झाली’, ‘हातून घडलं’, ‘मन दुखावलं गेलं असेल तर’. ही वाक्यं सभ्य आहेत, पण त्यांत पाप करणारा कोणी उरतच नाही, आणि ‘असेल तर’ने पापही उरत नाही. आत्मपरीक्षेसाठी प्रत्येक वाक्यात तीन गोष्टी हव्यात: ‘मी’, नेमकी कृती, आणि ती कोणाशी केली. ‘पैशाच्या बाबतीत कमी पडलो’ असं लिहू नये. ‘घरकामाच्या मावशींनी आधी सांगून घेतलेल्या दोन सुट्ट्यांचे मी खाडे धरले आणि पैसे कापले’ असं लिहावं. असं वाक्य झालं की पुढचं पाऊल आपोआप कळतं: कापलेले पैसे द्यायचे. बायबलमधल्या जक्कय या जकातदारानेही हेच केलं, आणि तेही चौपट (लूक १९:८).

या आत्मपरीक्षेची वेळ शनिवारी रात्रीची ठेवा. उपासनेच्या बाकावर दोन मिनिटांत हे होत नाही. दहा आज्ञा ओळीने घ्याव्यात, प्रत्येकीपाशी थांबावं. सुरुवात स्तोत्र १३९:२३ च्या प्रार्थनेने करावी. तिथे मराठी बायबलमध्ये ‘झडती’ हा शब्द आहे, आणि झडती देवाने घ्यायची आहे. हे विसरलं की दोन बिघाड होतात. एक, माणूस सोयीचे खिसे उलटे करून दाखवतो. दोन, हळवा माणूस दुसऱ्याचं पापही स्वतःच्या पदरी घेतो. दारुड्या नवऱ्याचा दोष बायको वर्षानुवर्षं स्वतःवर घेते. जे आपलं नाही ते पदरी घेणं म्हणजे पश्चात्ताप नव्हे, आणि हे पत्रकात ठळक छापायला हवं.

कॅथलिक वाचकांसाठी: पापनिवेदनात (धर्मगुरूंपुढे पापं सांगण्याच्या संस्कारात) गंभीर पापाचा प्रकार आणि शक्यतो संख्याही सांगायची असते, ती याच नेमकेपणासाठी. ‘प्रायश्चित्त’ शब्द जपून वापरावा. कॅथलिक संस्कारात धर्मगुरू सांगतात ते प्रायश्चित्त. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत तो शब्द मुख्यतः ख्रिस्ताने वधस्तंभावर केलेल्या कार्यासाठी येतो.

मग पत्रकात काय छापावं? वचन आहे तसंच ठेवा आणि खाली एक ओळ द्या: ‘पदरी घेणे: हे मीच केले, असे देवापुढे म्हणणे.’ शुद्धलेखनाचंही पाहा. पश्चात् + ताप म्हणून ‘पश्चात्ताप’, दोन त. बऱ्याच पत्रकांत एकच त छापलेला दिसतो.