गोळी तीच, नाडी मात्र मंदावली : वाचकांचे प्रश्न

हृदयाचे ठोके कमी करणाऱ्या औषधांबद्दल आलेल्या बहुतेक पत्रांत एकच कोडे आहे : गोळी जुनी, डोसही बदललेला नाही, मग त्रास आत्ताच का सुरू झाला? पहिल्या पत्रात ते सगळ्यांत स्पष्टपणे आले आहे, म्हणून त्याला जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : वडील ७८ वर्षांचे आहेत. अटेनोलॉल ५० मि.ग्रॅ. बरीच वर्षे चालू आहे, सोबत टेल्मिसार्टन आणि स्पायरोनोलॅक्टोन. कधीच तक्रार नव्हती. मध्यंतरी तीन दिवस जुलाब झाले, खाणेपिणे सुटले आणि चौथ्या दिवशी ते उठता उठता कोसळले. नाडी ३६ होती. डॉक्टरांनी ईसीजीबरोबर लगेच किडनीची तपासणी केली. त्रास हृदयाचा, मग किडनीकडे का पाहिले?

उत्तर : कारण या प्रकारात सुरुवात बहुधा किडनीपासूनच होते. अटेनोलॉल यकृतात फारसे मोडत नाही. रक्तात शोषले गेलेले औषध जवळजवळ जसेच्या तसे लघवीवाटे बाहेर पडते. किडनी ठीक असेल तर ६ ते ७ तासांत त्याचे रक्तातले प्रमाण निम्म्यावर येते. जुलाबांनी अंगातले पाणी कमी झाले की किडनीला रक्त कमी पोहोचते आणि औषध बाहेर पडणे मंदावते. रोजची ५० ची गोळी मात्र पोटात जातच असते. चिठ्ठीवर डोस तोच असतो, पण रक्तातला डोस चढत जातो.

हे झाले अर्धे. टेल्मिसार्टन आणि स्पायरोनोलॅक्टोन ही दोन्ही औषधे लघवीवाटे जाणारे पोटॅशियम रोखून धरतात. एरवी ते चालून जाते. किडनी थकलेली असताना मात्र पोटॅशियम वाढू लागते, आणि वाढलेले पोटॅशियम हृदयातले विद्युत संदेश स्वतःच मंद करते. अटेनोलॉलने ठोके आधीच दाबलेले असतात, त्यात याची भर पडते. ठोके कमी म्हणून रक्तदाब कमी, रक्तदाब कमी म्हणून किडनीला रक्त आणखी कमी, म्हणून औषध आणि पोटॅशियम दोन्ही आणखी जास्त. या चक्राला वैद्यकात ‘ब्रॅश’ असे नाव आहे. त्यात फसवे असे आहे की पोटॅशियमचा आकडा एकटा पाहिला तर फार भयंकर वाटत नाही, अटेनोलॉलचा डोसही साधाच असतो. दोन्ही एकत्र आल्यावर नाडी ३५-४० वर येते. ठोके वाढवण्याचे नेहमीचे ॲट्रोपिन इंजेक्शन अशा वेळी पुष्कळदा पुरे पडत नाही. कॅल्शियम, इन्सुलिनसोबत ग्लुकोज, गरजेप्रमाणे सलाइन आणि ठोके वाढवणारी इतर औषधे द्यावी लागतात. म्हणूनच क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते सांगणारी रक्ततपासणी) आणि पोटॅशियम पहिल्या तासातच पाहतात.

पुढे काय करायचे ते सांगतो. वडिलांची तब्येत सुधारली की त्यांच्या डॉक्टरांकडून ‘आजारपणाच्या दिवसांची’ सूचना लेखी घ्या : उलट्या-जुलाब किंवा ताप येऊन खाणेपिणे थांबले तर कोणत्या गोळ्या थांबवायच्या आणि कोणत्या नाही. साधारणपणे टेल्मिसार्टनसारख्या गोळ्या, स्पायरोनोलॅक्टोन आणि लघवीच्या गोळ्या तेवढ्या दिवसांपुरत्या थांबवायला सांगतात. मधुमेह असेल तर मेटफॉर्मिनही. अटेनोलॉल मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. नाडी मोजा आणि त्याच दिवशी फोन करून विचारा. किडनी कायमची कमजोर असेल तर अटेनोलॉलचा डोसच मुळात कमी ठेवावा लागतो : क्रिएटिनिन क्लिअरन्स (किडनीच्या गाळण्याचा वेग) मिनिटाला १५ ते ३५ मि.लि. असेल तर दिवसाला जास्तीत जास्त ५० मि.ग्रॅ., १५ च्या खाली असेल तर २५. मेटोप्रोलॉल यकृतात मोडते, त्यामुळे अशा माणसाला ते जास्त सोयीचे ठरते का, हे जरूर विचारा. आणखी दोन गोष्टी : अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक देऊ नका, ती किडनीचा रक्तपुरवठा आणखी घटवतात. आणि ‘कमी सोडियमचे’ मीठ वापरत असाल तर त्याचे वेष्टन वाचा. त्यात सोडियमच्या जागी बहुधा पोटॅशियम असते.

नाडीच्या आकड्यांबद्दल. या गोळ्यांवर बसून मोजलेली नाडी ५० ते ६० असेल आणि माणूस ठीक असेल तर घाबरायचे कारण नाही. ५० च्या खाली जाऊन चक्कर किंवा नेहमीपेक्षा जास्त थकवा असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. ४० च्या खाली गेली, शुद्ध हरपली, छातीत दुखले, धाप लागली किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला तर फोनची वाट न पाहता रुग्णालय गाठा.

प्रश्न : मेटोप्रोलॉल ५० मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा घेते. नैराश्यासाठी पॅरोक्सेटिन सुरू होऊन दोन आठवडे झाले. आता जिना चढताना पाय गळून जातात, नाडी ४८ येते. हा नैराश्याचाच थकवा का?

उत्तर : आकडा ४८ आहे, तेव्हा आधी औषधांचा संशय घ्यायला हवा. मेटोप्रोलॉल मोडण्याचे काम यकृतातले सीवायपी२डी६ नावाचे एन्झाइम करते आणि पॅरोक्सेटिन नेमके तेच एन्झाइम अडवते. त्यामुळे रक्तातले मेटोप्रोलॉल कित्येक पटींनी वाढू शकते. फ्लुओक्सेटिन आणि ब्युप्रोपिऑनही हेच करतात. त्वचेच्या बुरशीसाठी पोटातून घ्यायचे टर्बिनाफिन आणि सर्दी-ॲलर्जीच्या काही औषधांतले डायफेनहायड्रामिन यांचाही या यादीत समावेश आहे. काही लोकांचे हे एन्झाइम जन्मतःच सुस्त असते. त्यांना साध्या डोसनेही जास्त गळाठा येतो.

नैराश्याची गोळी रागाने टाकून देऊ नका. ती अचानक थांबवली तर चक्कर, झिणझिण्या, अस्वस्थता असा वेगळाच त्रास होतो. तुमच्या डॉक्टरांपुढे दोन सोपे मार्ग आहेत : मेटोप्रोलॉलचा डोस कमी करणे, किंवा या एन्झाइमवर अवलंबून नसलेले बिसोप्रोलॉल वा अटेनोलॉल देणे. मानसोपचारतज्ज्ञ सर्ट्रालिनसारखा, हे एन्झाइम कमी अडवणारा पर्यायही सुचवू शकतात. यातली उलटी बाजू बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पुढे कधी पॅरोक्सेटिन बंद झाले की एन्झाइम मोकळे होते, मेटोप्रोलॉल पुन्हा भराभर मोडू लागते आणि कमी केलेला डोस अपुरा पडून धडधड परत येते. फ्लुओक्सेटिन शरीरातून जायला मात्र महिनाभराहून जास्त लागतो, म्हणून तिथे हा बदल उशिरा दिसतो. तेव्हा गोळी सुरू होतानाच नव्हे, बंद होतानाही नाडीवर लक्ष ठेवा.

प्रश्न : काचबिंदूसाठी टिमोलॉलचे थेंब घालतो. डिल्टियाझेम आधीपासून आहे. डोळ्याच्या थेंबांचा हृदयाशी काय संबंध?

उत्तर : पुष्कळ. टिमोलॉल हेही अटेनोलॉल, मेटोप्रोलॉलसारखे बीटा ब्लॉकरच, म्हणजे ॲड्रेनॅलिनचा परिणाम अडवून ठोके मंद करणारे औषध आहे. डोळ्यात घातलेला थेंब अश्रुनलिकेतून नाकात उतरतो, तिथल्या अस्तरातून थेट रक्तात जातो आणि वाटेत यकृत लागत नसल्यामुळे तो मोडला जात नाही. डिल्टियाझेम किंवा व्हेरापामिल या ठोके मंद करणाऱ्याच औषधांसोबत तो आला की ठोके फार मंदावू शकतात. दमा असेल तर दम्याचा झटकाही येऊ शकतो. थेंब टाकल्यावर डोळा मिटा आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटे दाबून धरा. रक्तात जाणारे प्रमाण त्याने बरेच घटते. आणि औषधांची यादी देताना थेंब सांगायचे राहून जाते, तेवढे होऊ देऊ नका. दोन्ही डॉक्टरांना दोन्ही औषधे माहीत हवीत.

प्रश्न : आईला ॲट्रियल फिब्रिलेशन (ठोक्यांची अनियमित लय) आहे. डिगॉक्सिन, लघवीची गोळी फ्युरोसेमाइड आणि रक्त पातळ ठेवणारे वॉरफेरिन चालू होते, गेल्या महिन्यात ठोक्यांच्या लयीसाठी अमायोडेरोन नव्याने सुरू केले. आता तिला अन्नावरची वासनाच राहिलेली नाही, मळमळते, थोडी विसरल्यासारखी करते. सगळे म्हणतात वय झाले.

उत्तर : वयावर टाकण्याआधी, आजच तिच्या हृदयतज्ज्ञांना कळवा. डिगॉक्सिन जास्त झाल्याची पहिली लक्षणे हीच असतात : भूक जाणे, मळमळ, वयस्कर माणसांत गोंधळलेपण. काहींना दिव्याभोवती पिवळे-हिरवट वलय दिसते, पण ते दिसेपर्यंत थांबायचे नसते. अमायोडेरोन डिगॉक्सिनला बाहेर पडू देत नाही. म्हणून दोन्ही एकत्र द्यायची तर डिगॉक्सिनचा डोस साधारण निम्मा करतात. फ्युरोसेमाइडने पोटॅशियम आणि मॅग्नेशियम घटते आणि तसे झाले की डिगॉक्सिनची पातळी फारशी वाढलेली नसतानाही ते हृदयाला बाधते. पहिल्या पत्रात पोटॅशियम वाढल्याने घात झाला होता, इथे कमी झाल्याने होतो.

तपासायला सांगायच्या गोष्टी : ईसीजी, पोटॅशियम, मॅग्नेशियम, क्रिएटिनिन आणि डिगॉक्सिनची पातळी. पातळीसाठी रक्त शेवटच्या गोळीनंतर किमान ६ तासांनी द्यावे, नाहीतर आकडा खोटाच जास्त येतो. रक्त द्यायला जाताना गोळीची वेळ कागदावर लिहून न्या. पुढची गोळी द्यायची की नाही हे डॉक्टरांशी बोलल्याशिवाय ठरवू नका. त्या अवधीत ती बेशुद्ध झाली किंवा नाडी ४० च्या खाली गेली तर सरळ रुग्णालयात न्या.

वॉरफेरिनचेही बघायला हवे. अमायोडेरोनमुळे त्याचा परिणाम वाढतो, बहुधा एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंत डोस कमी करावा लागतो, आणि हा बदल एका दिवसात होत नाही. तो कित्येक आठवडे चढत राहतो, म्हणून सुरुवातीला आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी तपासणी) दर आठवड्याला करतात. हिरड्यांतून रक्त, काळे शौच, कारण नसताना काळेनिळे डाग यांकडे लक्ष ठेवा. अमायोडेरोन चरबीत साठते, बंद केल्यावरही त्याचा अंमल काही आठवडे ते काही महिने टिकतो. त्यामुळे ते बंद झाले तरी या दोन औषधांचे डोस लगेच पूर्ववत करता येत नाहीत. २०० मि.ग्रॅ.च्या एका गोळीत सुमारे ७५ मि.ग्रॅ. आयोडीन असते. थायरॉइड त्याने कमीही होतो आणि वाढतोही, म्हणून टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) आणि यकृताची तपासणी दर सहा महिन्यांनी होते. नवा कोरडा खोकला किंवा वाढती धाप यांना सर्दी समजू नये, या औषधाने फुप्फुसांना इजा होऊ शकते.

अँटिबायोटिक लिहून देताना कुणीही असो, डिगॉक्सिन चालू आहे हे आधी सांगा. क्लॅरिथ्रोमायसिन त्याची पातळी चढवते. अमायोडेरोनसोबत तर ते, तसेच लेव्होफ्लॉक्सासिन आणि मळमळीवरचे डोम्पेरिडोन किंवा ऑन्डान्सेट्रॉन यांनी ईसीजीतले क्यूटी अंतर (ठोक्यानंतर हृदय विद्युतदृष्ट्या पुन्हा तयार होईपर्यंतचा काळ) लांबून ठोक्यांची घातक लय सुरू होऊ शकते. आईला आत्ता मळमळ आहे, म्हणून हे विशेष सांगतो आहोत : तिला घरातली उलटीची गोळी देऊ नका.

प्रश्न : प्रोप्रॅनोलॉल घेतो. भयानक स्वप्ने पडतात, हात गार पडतात. आजपासून बंद केले तर चालेल का?

उत्तर : नाही. बीटा ब्लॉकरच्या दाबाखाली असताना हृदयातले ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे ॲड्रेनॅलिन जिथे जोडले जाते त्या जागा) संख्येने वाढलेले असतात. औषध एकदम थांबले की ॲड्रेनॅलिनला ते सगळे मोकळे सापडतात : धडधड, रक्तदाब वर, आणि ज्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद आहेत त्यांना हृदयविकाराचा झटकासुद्धा. एक ते दोन आठवड्यांत पायरीपायरीने, डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे कमी करतात. स्वप्नांचे कारण असे की प्रोप्रॅनोलॉल चरबीत विरघळते आणि मेंदूत सहज पोहोचते. अटेनोलॉलसारखे पाण्यात विरघळणारे औषध दिले की हा त्रास बहुधा कमी होतो. हात गार पडणे काही प्रमाणात राहू शकते. लैंगिक शक्ती कमी झाल्याची तक्रारही आमच्याकडे येते. ती मोकळेपणाने सांगा, औषध बदलता येते. मात्र छातीत दुखण्यासाठी नायट्रेटची गोळी घेत असाल तर सिल्डेनाफिल कधीही घेऊ नका, रक्तदाब जीवघेणा कोसळतो.

प्रश्न : इन्सुलिन घेते, बिसोप्रोलॉल नवीन आहे. साखर उतरली तरी पूर्वीसारखे थरथरत नाही.

उत्तर : थरथर आणि धडधड बीटा ब्लॉकर झाकतो, घाम झाकत नाही. कारण नसताना दरदरून घाम, भूक किंवा अचानक चिडचिड झाली तर लगेच साखर तपासा. ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज घ्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. गाडी चालवण्यापूर्वी मोजण्याची सवय ठेवा.

प्रश्न : इव्हाब्रॅडिन सुरू झाल्यापासून अंधारातून उजेडात आले की डोळ्यांपुढे झळाळी दिसते.

उत्तर : हे औषध हृदयातल्या ज्या विद्युत मार्गावर काम करते तसाच मार्ग डोळ्याच्या पडद्यातही आहे. झळाळी बहुधा पहिल्या दोन महिन्यांत सुरू होते, पुष्कळदा आपोआप जाते, डोळ्याला इजा करत नाही. रात्री गाडी चालवताना मात्र जपा. डिल्टियाझेम, व्हेरापामिल, इट्राकोनॅझोल आणि क्लॅरिथ्रोमायसिन या औषधासोबत चालत नाहीत. ग्रेपफ्रूटचा रसही टाळा.

प्रश्न : मनगटावरचे घड्याळ नाडी ५२ दाखवते, डॉक्टरांनी मोजली तर ८०. माझे ठोके अनियमित आहेत.

उत्तर : अनियमित ठोक्यांत काही ठोके इतके क्षीण असतात की मनगटापर्यंत पोहोचत नाहीत, घड्याळाला ते दिसत नाहीत. डिगॉक्सिन किंवा मेटोप्रोलॉलचा डोस घड्याळाच्या आकड्यावरून बदलू नका. पाच मिनिटे शांत बसून पूर्ण ६० सेकंद मोजा, १५ सेकंद मोजून चारने गुणू नका. शंका असेल तर स्टेथोस्कोप छातीवर ठेवून मोजून घ्या किंवा ईसीजी काढा.

प्रश्न : दीर्घ परिणामाची मेटोप्रोलॉल सक्सिनेट गोळी चावून घेतली तर? आणि एखाद्या दिवशी राहिलीच तर?

उत्तर : चावू किंवा कुटू नका, दिवसभराचे औषध एकदम सुटते. गोळीवर मधोमध रेघ असेल तर त्या रेघेवर अर्धी करता येते, पण अर्धा तुकडा तसाच गिळायचा. राहिलेली गोळी आठवली आणि पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर राहिलेली सोडून द्या. दोन गोळ्या एका वेळी घेऊ नका.