डोळ्यांच्या अँजिओग्राफीतला डाय आईला सोसेल का?
मधुमेहामुळे आईच्या डोळ्याचा पडदा तपासायला नाशिकला अँजिओग्राफी सांगितलीय आणि तुम्हाला डायची धास्ती वाटतेय, समजू शकते. हा डाय म्हणजे फ्लुरोसीन नावाचं रंगद्रव्य, ते हाताच्या शिरेतून देतात. जरा वेळाने मळमळलं तर घाबरू नका, बहुतेकदा लगेच थांबतं. गंभीर अ‍ॅलर्जी क्वचितच होते; तरी पूर्वी या डायने अंगावर पित्त उठलं असेल, दमा किंवा किडनीचा त्रास असेल, तर सुई टोचण्याआधीच सांगा. टोचताना हात जळजळला तरी लगेच बोला, डाय शिरेबाहेर जात असेल. माझ्या आईचा चेहरा संध्याकाळपर्यंत हळद लावल्यासारखा होता, लघवी दुसऱ्या दिवशीही गर्द पिवळी! तपासणीआधी डोळ्यात घातलेल्या थेंबांनी बाहुल्या मोठ्या होऊन धूसर दिसतं, म्हणून सिन्नरला परतताना एसटीत सोबत कुणीतरी हवंच.