पहिल्या दातापासून ब्रश

प्रश्न : माझी मुलगी साडेनऊ महिन्यांची असून तिला खालचे दोन दात आले आहेत. सासूबाईंच्या मते दुधाचे दात पडणारच असल्याने ते घासण्याची गरज नाही. फार तर बोटाने मध-मीठ चोळावे. रात्री ती गूळ घातलेले नाचणीचे सत्त्व बाटलीने पीत झोपी जाते. ब्रश केव्हा आणि कसा सुरू करावा?
– एक वाचक, देवगड

उत्तर : आज रात्रीपासूनच सुरू करावा. पहिला दात हिरडीबाहेर दिसला की ब्रशची वेळ झाली. दुधाचे दात पडतात हे सासूबाईंचे म्हणणे खरे आहे. परंतु त्यांतील दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात, त्यांच्यावरच मूल चावून खायला शिकते आणि खालून येणाऱ्या कायमच्या दातांची जागा त्याच धरून ठेवतात. शिवाय दुधाच्या दातांचे वरचे कवच पातळ असल्याने कीड आत लवकर पोहोचते.

मध मात्र वर्षाच्या आत चाटवायलाही देऊ नये, कारण त्यातील जंतूंमुळे तान्ह्या बाळाला बॉटुलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. मिठाने कोवळी हिरडी खरचटते. आपल्याकडे अजून काही घरांत मशेरी लावली जाते म्हणून आवर्जून लिहितो, की ती तंबाखूच आहे. ते बोट बाळाच्या तोंडात कधीही जाऊ नये.

न्हाऊ घालताना आजी पाय पसरून बसते तसे बसावे, फक्त बाळाचे डोके आपल्या पोटाकडे घ्यावे. एका हाताच्या तर्जनीने ओठ अलगद दूर करून, लहान डोक्याच्या मऊ ब्रशने दात आणि हिरडी जिथे मिळतात तिथे, पुढून आणि मागूनही, हलकेच गोल फिरवावे. दोन दातांना अर्धे मिनिटही लागत नाही. पेस्ट फ्लोराइडची, साधारण १००० पीपीएमची (म्हणजे दहा लाख भागांत हजार भाग फ्लोराइड असलेली) घ्यावी आणि तांदळाच्या एका दाण्याएवढीच लावावी. दाणा कच्च्या तांदळाचा, भाताचे शीत नव्हे. एवढी पेस्ट गिळली गेली तरी काळजी नको. उरलेला फेस ओल्या फडक्याने टिपावा. तीन वर्षांनंतर वाटाण्याएवढी पेस्ट चालते, पण सात-आठ वर्षांपर्यंत घासण्याचे काम मोठ्यांनीच करावे.

तुमच्या पत्रातली मला सर्वांत खटकलेली गोष्ट म्हणजे रात्रीची बाटली. नाचणी उत्तमच, पण झोपेत लाळ कमी होते आणि गुळाचा गोडवा दातांवर तासन् तास चिकटून राहतो. सत्त्व बिनगुळाचे करून संध्याकाळी वाटी-चमच्याने भरवावे, मग दात घासावेत, आणि त्यानंतर बाटलीत द्यायचेच झाले तर उकळून गार केलेले पाणी द्यावे. अंगावरचे दूध बंद करण्याचे कारण नाही. बाटलीची सवय सुटेपर्यंत तीन-चार रात्री ती रडेल, तेव्हा सासूबाईंची थोपटून निजवण्याची मदत जरूर घ्यावी.

वरचे दात आले की आठवड्यातून एकदा उजेडात वरचा ओठ उचलून पाहावे. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर ती किडीची सुरुवात असते. या टप्प्यावर योग्य काळजीने ती थांबवता येते. तपकिरी होईपर्यंत वाट पाहू नये. रेघ दिसो वा न दिसो, पहिल्या वाढदिवसाच्या आत एकदा दंतवैद्याकडे तपासणी करून घ्यावी.