सेकंडहँड गाडी आणि लांबचा पल्ला: वाचकांचे प्रश्न

पावसाळ्यात या सदराकडे ‘गाडी सेल्फ घेत नाही’ छापाचे प्रश्न येतात. नवरात्र आलं की सूर पालटतो: जुनी गाडी कुठली घेऊ, लांब जायचंय. त्यातले पाच प्रश्न आज घेतोय.

बजेट ६० हजार, त्यात सगळं बसवायचंय. डिसेंबरात मित्राला मागे बसवून कन्याकुमारीला जाणार आहोत. २०१७ ची पल्सर १५० आणि २०१६ ची ॲव्हेंजर २२० क्रूझ अशा दोन गाड्या पाहून ठेवल्यात. सगळे म्हणतात १५० सीसीत दम नाही. (डोंबिवली)

दम गाडीपेक्षा तुमच्या कमरेत लागणार आहे. पनवेलहून निघणारा राष्ट्रीय महामार्ग ६६ कोकण, गोवा, कर्नाटक, केरळ करत थेट कन्याकुमारीला उतरतो, साधारण १,६०० किलोमीटर. त्यातल्या आपल्या कोकणाच्या पट्ट्यात १५० काय आणि २२० काय, दोन्ही गाड्या एकाच वेगाने खड्डे चुकवत जातात. पुढे मोकळा रस्ता मिळाला, तरी दोघं आणि सामान घेऊन पल्सर ७०-७५ ला आरामात चालते. त्याहून जोरात जायचं कारणही नाही.

ॲव्हेंजर बसायला आरामाची. पाठीमागे टेकायला बॅकरेस्ट आहे, मित्र दुवा देईल. पण मागचा टायर १५ इंची आहे आणि तो लहान गावातल्या दुकानात सहज मिळत नाही. शिवाय क्रूझला स्पोकची चाकं आणि ट्यूब, म्हणजे पंक्चर झालं की चाक काढणं आलं. पल्सरचे सुटे भाग मात्र कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतात आणि मेकॅनिक ती डोळे मिटून उघडतो. दोन्ही गाड्या सारख्याच स्थितीत असतील तर मी पल्सर घेईन. पण त्या सारख्या नसणारच, तेव्हा बघून ठरवा.

जाण्याआधी विक्रेत्याला फोनवर बजावा, ‘मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका.’ पोचल्यावर आधी इंजिनला हात लावा. कोमट लागलं तर लपवण्यासारखं काहीतरी आहे असं समजा. थंड गाडी चोक देऊन दोन-तीन प्रयत्नांत सुरू व्हायला हवी. सायलेन्सरमधून निळसर धूर येत राहिला तर ऑइल जळतंय, रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील गेलंय. थांबू नका, नमस्कार करून निघा.

मग गाडी डबल स्टँडवर घ्या, मागे कुणाला तरी दाबून उभं करा म्हणजे पुढचं चाक उचललं जाईल. हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू फिरवा. मधोमध अडखळलं, तर कोन सेट (हँडलचं बेअरिंग) गेला. मुंबईच्या खड्ड्यांत हे हमखास होतं. मागच्या स्प्रॉकेटवरची (दातेरी चक्रावरची) चेन बोटांनी मागे ओढून पाहा. अर्धा दात उघडा पडला तर चेन सेट बदलायला आलाय. शॉकअपच्या पाइपवर गंजाचे ठिपके असले तर नवं ऑइल सील घातलं तरी ते टिकणार नाही. मीटरवर २२ हजार किलोमीटर आणि पाय ठेवायचं रबर गुळगुळीत झिजलेलं असेल, तर मीटरवर विश्वास ठेवू नका. टायरच्या बाजूला चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही छान दिसो, सहा-सात वर्षांचा टायर लांबच्या प्रवासाला नको.

यातलं काहीही बिघडलं म्हणून गाडी लगेच बाद होत नाही, पण किंमत कमी व्हायला हवी. तुमच्या ६० हजारांतले १५ बाजूला ठेवा आणि गाडीसाठी ४५ च्या वर जाऊ नका. टायर, चेन सेट, कोन सेट, बॅटरी, क्लच प्लेट, ब्रेक शू, सर्व्हिसिंग यांत १५ हजार कधी उडतात कळतही नाही. गाडी ऑक्टोबरातच घ्या आणि पूर्ण सामान, मित्र सगळं लादून माळशेज चढून ओतूरपर्यंत जाऊन या. जे सुटायचंय ते तिथेच सुटू दे.

एक लक्षात ठेवा: १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस (चाक लॉक न होऊ देणारी ब्रेक यंत्रणा) बंधनकारक झालं एप्रिल २०१९ पासून. तुमच्या यादीतल्या दोन्हींना ते नसणार. ब्रेक तुमच्याच हातापायांत आहे.

मी पाच फूट एक इंच, आजवर फक्त ॲक्टिव्हा चालवलीय. पुढच्या जूनमध्ये मुंबई ते लेह स्वतः चालवत जायचंय. बाबा म्हणतात बुलेटच घे. (परळ)

बाबांना नमस्कार सांगा, पण बुलेट नको. आधी तुमच्याकडचं लायसन्स नीट वाचून बघा. ते विनागिअर गाडीचं असेल तर गिअरच्या मोटारसायकलवर ते चालत नाही, नव्याने टेस्ट द्यावी लागेल. त्याला लागणारा वेळ आजच मोजायला घ्या.

उंचीपेक्षा वजन जास्त छळतं. रॉयल एनफिल्डचीच जुनी हिमालयन ४११ सीटला ८०० मिलिमीटर, म्हणजे फार उंच नाही, पण वजन २०० किलोच्या आसपास. क्लासिक ३५० चंही जवळपास तेवढंच. वाळूत, नाल्यात गाडी आडवी होतेच. ती एकटीने उचलता आली पाहिजे. हिरो एक्सपल्स २०० सीटला हिमालयनपेक्षा २०-२५ मिलिमीटर उंच आहे, पण वजन १६० किलोच्या आत. सिग्नलला एक पाय नीट टेकला तर पुरतं. सस्पेन्शन थोडं उतरवूनही घेता येतं. गाडी २०१९ ची किंवा पुढची, एफआय (फ्युएल इंजेक्शन) असलेलीच बघा. उंचावर हवा विरळ होते आणि कार्ब्युरेटर मात्र पेट्रोल तेवढंच सोडत राहतो. गाडी गुदमरते, चढावर मरते. एफआयला सेन्सर असल्याने मिश्रण आपोआप जुळतं. खारदुंग लाचा घाट ५,३५९ मीटरवर आहे, तिथे हा फरक चांगलाच कळतो.

एक्सपल्सची टाकी १३ लिटरची. मनालीहून निघाल्यावर टांडीच्या पंपावर ‘पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर’ अशी पाटी कित्येक वर्षं पर्यटकांच्या फोटोंत दिसत आलीय. सोबत पाच लिटरचा कॅन हवाच.

मुंबईहून लेह अडीच हजार किलोमीटरच्या आसपास. सहा महिने कल्याण-नाशिक, महाबळेश्वर, कोकण अशी चालवून हात बसला तरच निघा. नाही बसला तर लेहला जाऊन तिथलीच भाड्याची गाडी घ्या, त्यात कमीपणा नाही.

कुर्ल्यात एक २०१९ ची गाडी बाजारभावापेक्षा बरीच स्वस्त मिळतेय. मालक म्हणतो लोनचे तीन हप्ते बाकी आहेत, तुम्ही पैसे द्या, मी भरतो. तोवर सह्या केलेले फॉर्म ठेवून घ्या. (विरार)

नका घेऊ. सही केलेले फॉर्म २९ आणि ३० (मालकी बदलाचे) हातात आले म्हणजे गाडी तुमची झाली, असा आपल्याकडे पक्का समज आहे. आरसीवर (गाडीच्या नोंदणीपत्रावर) बँकेचा बोजा आहे तोवर ट्रान्सफर अडतं. बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवण्याचा) हातात पडल्याशिवाय पैसे देऊ नका. फारच मोह झाला तर मालकाबरोबर बँकेत जा आणि उरलेली रक्कम थेट कर्जखात्यात भरा.

नंबर टाकून परिवहनच्या साइटवर ई-चलानही बघून घ्या. मुंबईच्या सिग्नलवरच्या कॅमेऱ्यांनी मालकाच्या नकळत बरंच लिहून ठेवलेलं असतं. विम्याबाबत ‘पाच वर्षांचा आहे’ असं सांगतील. सप्टेंबर २०१८ पासूनच्या नव्या गाड्यांना पाच वर्षांचा असतो तो फक्त थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीचा), आणि २०१९ च्या गाडीचा तोही एव्हाना संपलाय. मालकी बदलली की १४ दिवसांत विमाही आपल्या नावावर करून घ्यायचा अर्ज द्यावा लागतो. नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) मात्र जुन्या मालकाकडेच राहतो, तेव्हा त्याचे पैसे धरून कुणी किंमत वाढवत असेल तर हसून सोडून द्या. १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लागलीय का तेही बघा.

आणि पाण्यात बुडालेली गाडी ओळखायला शिका, कुर्ल्यासारख्या सखल भागात तर नक्कीच. हेडलाइटच्या काचेत आतून चिखलाची रेघ, सीटखालच्या वायरिंगच्या कपलरवर हिरवट थर, बोल्टच्या खाचेत गाळ. ऑइलचं झाकण उघडा. आत दुधाळ, कटिंग चहासारखं ऑइल दिसलं तर इंजिनमध्ये पाणी गेलंय.

घरी बाबांची २००९ ची युनिकॉर्न धूळ खात पडलीय. ती घेऊन राजस्थान करता येईल का, की दुसरी घ्यावी? (ठाणे)

करता येईल, आणि मला या सगळ्या पत्रांत हीच गाडी सगळ्यात आवडली. जिचा जन्मापासूनचा इतिहास तुम्हाला ठाऊक आहे अशी सेकंडहँड गाडी बाजारात मिळत नाही. मात्र पंधरा वर्षं उलटल्यामुळे नोंदणीचं नूतनीकरण करावं लागेल. तपासणी होते, पर्यावरण कर भरावा लागतो, आणि पुढची मुदत पाच वर्षांची मिळते. आरसी बाबांच्या नावावर असेल तर जमल्यास आताच आपल्या नावावर करून घ्या. परराज्यात नाक्यावर प्रश्न कमी होतात.

गाडी इतके दिवस उभी असल्याने टाकी आतून गंजली असेल. टाकी, कार्ब्युरेटर साफ करा, पेट्रोलचे पाइप आणि रबरी वायसर नवे घाला. हल्ली पंपावर येणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलपुढे जुनं रबर लवकर हार मानतं. क्लचची जादा केबल आधीपासूनच जुन्या केबलच्या बाजूने ओढून ठेवा.

नागपूरमार्गे जबलपूरला जायचंय. डॉमिनार ४०० शोधतोय, म्हणजे समृद्धीवरून एका दिवसात नागपूर. जास्त सीसीला तिथे परवानगी आहे ना? (बोरिवली)

नाही. समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदीच आहे, मग ती १०० सीसीची असो वा हजाराची. मुंबई–पुणे एक्सप्रेसवे आणि अटल सेतूवरही तेच. तुम्हाला कसारा घाट, नाशिक, धुळे आणि पुढे राष्ट्रीय महामार्ग ५३ ने जळगाव, अकोला, अमरावती असं जावं लागेल. दोन दिवस धरा. त्या रस्त्याला डॉमिनारचा वेग वापरायला जागा कमीच मिळते, तेव्हा केवळ त्यासाठी जास्त पैसे घालू नका. जाताना रस्ता नकोच असेल तर गाडी रेल्वेच्या पार्सलने नागपूरला पाठवता येते. आरसीची प्रत लागते, टाकी पूर्ण रिकामी करावी लागते, आणि आरसे व इंडिकेटर काढून बॅगेत ठेवलेले बरे, पॅकिंगवाला ते सांभाळेलच असं नाही.