वाचक विचारतात : जुन्या गोव्याच्या म्युझियमला मुलं कंटाळतील का?

प्रश्न : आम्ही कुडाळचे. सुट्टीत जुन्या गोव्याला जायचंय. चर्च तर बघूच, पण तिथलं पुरातत्त्व खात्याचं म्युझियम म्हणजे नुसते दगड आणि जुनी चित्रं, असं शेजारी म्हणतात. मुलं कंटाळतील का? सासूबाईंचे गुडघेही दुखतात.

उत्तर : दगड आहेत हे खरंय, पण दगड कसे वाचायचे ते मुलांना आधी सांगून ठेवा, मग बघा कोण कंटाळतंय ते!

तिथे कदंबांच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या कितीतरी आधी गोव्यावर राज्य करणाऱ्या घराण्याच्या काळातले वीरगळ आहेत, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीचे दगड. आपल्याकडे देवळाच्या मागे शेंदूर फासलेले उभे असतात ना, तेच. वीरगळ खालून वर वाचायचा. खालच्या चौकटीत लढाई, त्याच्या वर अप्सरा वीराला स्वर्गात नेतायत, आणि सगळ्यात वर तो शिवलिंगाची पूजा करत बसलेला. एका वीरगळावर तर चक्क गलबतावरची लढाई कोरलीय, वल्ही मारणारी माणसं ओळीने दिसतात, मुलांना ती मोजायला लावा. शेजारी सतीशिळा, म्हणजे सती गेलेल्या बायकांच्या आठवणीचे दगड असतील, बांगड्या भरलेला हात कोपरात वाकवलेला दिसला की समजायचं. मुलं विचारणारच की हात कोणाचा, तर टाळू नका, सरळ सांगा.

पोर्तुगीज गव्हर्नर-व्हाइसरॉय मंडळींची चित्रं वरच्या मजल्यावर आहेत, म्हणजे जिना आला. ही चित्रं काढून घ्यायची सुरुवात १५४७ मध्ये जुआंव द काश्त्रो या गव्हर्नरने केली. खरं सांगू का, दहाबारा चेहऱ्यांनंतर सगळे सारखेच दिसायला लागतात, कपड्यांची फॅशन कशी बदलत गेली तेवढं बघायचं आणि खाली यायचं. सासूबाई नाही चढल्या तरी चालेल, वीरगळ चुकवू नका म्हणजे झालं.

आणि ती इमारत! सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी चर्चला लागून फ्रान्सिस्कन साधूंचा मठ होता, त्यात १९६४ पासून हे म्युझियम आहे. आताचं चर्च १६६१ चं, पण कोरीव दगडी दरवाजा त्याआधीच्या चर्चचा, तो तसाच ठेवलाय. आत जमिनीवर सगळीकडे कोरलेल्या थडग्यांच्या फरशा आहेत. बांधकाम आपल्या जांभ्याचंच, वर चुन्याचा गिलावा. समोर रस्त्यापलीकडे बॉम जेझस चर्चचा गिलावा गेल्या शतकात काढून टाकला, त्यामुळे तिथे जांभ्याचा उघडा चिरा दिसतो, आणि पावसात उघडा चिरा कसा झिजतो ते कुडाळच्या माणसाला मी काय सांगणार.

कोकण रेल्वेने करमळीला उतरा, तिथनं रिक्षाने जवळ आहे. फक्त शुक्रवारी जाऊ नका, म्युझियम बंद असतं. वेळ उरला तर सेंट कॅजेटन चर्चच्या आवारात आदिलशाही वाड्याचा दरवाजा उभा आहे, आता फक्त चौकट राहिलीय, तोही दाखवा मुलांना.