चांगल्या दिवसांची तक्रार घेऊन कोण येतं?

"मॅडम, ह्यांचा मूड सारखा बदलतो, बायपोलर तर नाही ना?" पेडण्यापासून काणकोणपर्यंत हल्ली हाच प्रश्न, आणि रील्स बघून तर जास्तच. सकाळी हसला, दुपारी चिडला, रात्री परत बरा, हे बहुतेक वेळा बायपोलर नसतंच. घरातलं टेन्शन असतं, झोप अपुरी असते, कधी दारू असते (गोव्यात ते वेगळं सांगायला नको). बायपोलर म्हणजे अति उत्साहाचे चढ आणि उदासीचे उतार आलटून पालटून येणारा आजार, आणि त्यातला चढ असा तासा-दोन तासांत उतरत नाही. सौम्य असला तर सलग कमीत कमी ४ दिवस, तीव्र असला तर ७ दिवस किंवा जास्त, आणि उदासी कमीत कमी २ आठवडे, असा डॉक्टरांचा ढोबळ हिशोब आहे. पण लोक उदासीत असतानाच येतात आणि तेवढंच सांगतात, तिथेच निदान चुकतं.

फोंड्याकडचं एक जोडपं (ओळख पटेल असं सगळं बदललंय). तो पस्तिशीतला, इलेक्ट्रिकचं दुकान. डिप्रेशन तिसऱ्यांदा आलेलं, गोळ्या चालू, देवाचा कौलप्रसाद घेऊन झालेला, दुकानाचं शटर महिनाभर अर्धंच उघडं. मी उदासीबद्दल फार खोदलंच नाही, बायकोला विचारलं, "ह्याच्या आधी चांगले दिवस कधी होते?"

ती एकदम खुलली. "चतुर्थीला हो! माटोळीचं (गणपतीवर टांगतात ती फळापानांची चौकट) सामान आणायला हे पहाटे तीनला रानात, आमची झाली मग शेजारच्या दोन घरांची पण ह्यांनीच बांधली, वर उधारीवर लायटिंगचा माल भरला, वाड्यावर सगळे म्हणत होते काय उत्साह आहे माणसाला."

"झोपायचे किती?"

"दोन-अडीच तास."

"मग दिवसा पेंगायचे?"

"छे हो, पहाटे उठून स्कूटर धूत बसायचे!"

माझ्या कामात मी ह्या एका प्रश्नावर सगळ्यात जास्त विसंबते. झोप न लागणं उदासीत, काळजीत, कशातही होतं, पण झोपेची गरजच कमी होणं, दोन तास झोपून माणूस ताजातवाना, जोडीला बोलणं सुसाट, खर्च मोकाट, डोक्यात दहा योजना, हे सलग चार दिवस दिसलं तरी कान टवकारायचे. तिला म्हटलं, भिंतीवरची जुनी कॅलेंडरं घेऊन या. दोन वर्षांची आणली. दूध, गॅस लावला ती तारीख, आणि त्याच चौकोनांत बारीक अक्षरात 'नवा मोबाईल', 'भावाशी भांडण', 'रात्रभर जागे'. तिघांनी मिळून नुसत्या रेघा ओढल्या आणि चढ-उतार कागदावर दिसले, प्रत्येक चढानंतर काही आठवड्यांत घसरण.

तो बराच वेळ त्या चौकोनांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मॅडम, ते आजारपण कसं? तोच तर खरा मी!"

मी वाद घातला नाही. म्हटलं, "असेल. मग त्या खऱ्या माणसाची उधारी कोण फेडतंय?" बायकोकडे बघून तो रडला, आणि दुसऱ्याच दिवशी तीच कॅलेंडरं घेऊन बांबोळीला मनोरुग्णालयात गेला.

डॉक्टरांना चढाचं कुणी सांगितलंच नव्हतं. बायपोलरमध्ये नुसती डिप्रेशनची गोळी काहींना उलट वर ढकलते, म्हणून ही माहिती फार मोलाची. थायरॉइड तपासतात, कारण त्याच्या गडबडीतही असं काही दिसू शकतं, पण रक्त तपासून बायपोलर कळत नाही, निदान माणसाच्या कहाणीवरूनच होतं, म्हणून घरचं माणूस सोबत हवंच. त्याला लिथियम, म्हणजे मूड स्थिर ठेवणारं औषध, सुरू झालं. त्यात रक्तातलं प्रमाण वेळोवेळी तपासावं लागतं, उन्हात घाम गाळून पाणी कमी पडू द्यायचं नाही, अंगदुखीची गोळी मनानं घ्यायची नाही आणि बरं वाटलं म्हणून औषध मनानं बंद तर अजिबात नाही. गोळ्या डॉक्टरांचं खातं, झोपेचं आणि दिवसाचं वेळापत्रक माझं, आणि ते मी कडक सांभाळते हं! आणि उदासी आणि अंगात सळसळ एकाच वेळी दिसली, किंवा मरणाची भाषा आली, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, थेट हॉस्पिटल. एरवी नुसतं बोलायचं असेल तरी टेलिमानस (सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन) १४४१६, फुकट आहे, दिवसरात्र.

आता त्यांच्या घरी नियम ठरलाय. दोन रात्री पाच तासांपेक्षा कमी झोप झाली की डॉक्टरांना फोन आणि एटीएम कार्ड बायकोकडे, कार्डाचं त्यानं स्वतःच सुचवलं. वाद एकच राहिलाय, चतुर्थीच्या रात्री ह्यात धरायच्या का. तो म्हणतो नको, ती म्हणते त्याच आधी धरायच्या, आणि मी तिच्या बाजूची आहे.