कोर्टाने दिलेला लवाद: पात्र कोण, तटस्थ कोण?

अमेरिकेतल्या कोर्टांमार्फत चालणाऱ्या लवाद योजनांबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी काही निवडक इथे घेतले आहेत. एक खुलासा आधीच करतो. बँकेच्या किंवा मोबाइल कंपनीच्या करारात लपलेलं लवादाचं कलम हा वेगळा विषय आहे. इथे चर्चा आहे ती दावा कोर्टात दाखल झाल्यावर कोर्ट स्वतःच्या यादीतून लवाद (वाद ऐकून निवाडा देणारी तटस्थ व्यक्ती) देतं, त्या व्यवस्थेची.

प्रश्न : माझा अपघात भरपाईचा दावा कॅलिफोर्नियाच्या कोर्टाने लवादाकडे पाठवला. समोर बसलेली व्यक्ती न्यायाधीश नाही, साधी वकील आहे. हे चालतं का?

चालतं. तिथल्या कायद्यानुसार निवृत्त न्यायाधीश, वकिली केलेले निवृत्त कमिशनर (न्यायाधीशासारखं काम करणारे कोर्टाचे अधिकारी) किंवा स्टेट बारचे, म्हणजे राज्याच्या वकील संस्थेचे, सदस्य लवाद होऊ शकतात. पेनसिल्व्हानियात राज्याच्या कोर्टात तीन वकिलांचं मंडळ बसतं. त्याच्या अध्यक्षाला वकिलीची किमान तीन वर्षं झालेली असावी लागतात आणि एकाच फर्मचे दोघे त्या मंडळावर चालत नाहीत. फेडरल, म्हणजे केंद्रीय, कोर्टांना १९९८च्या कायद्याने लवादांच्या प्रमाणपत्राचे निकष स्वतः ठरवायला सांगितलं आहे. त्यामुळे एका जिल्ह्याची अट दुसऱ्या जिल्ह्यात सापडेलच असं नाही. तुमच्या कोर्टाचे स्थानिक नियम संकेतस्थळावर असतात, ते आधी काढा.

अटी एवढ्या सैल का, असं वाटणं साहजिक आहे. माझ्या मते कारण सरळ आहे. हा निवाडा तुम्हाला मान्य नसेल, तर खटला नव्याने चालवण्याचा हक्क तुमच्याकडे राहतो. शेवटचा शब्द लवादाचा नसल्यामुळे कोर्टं पदव्या फार तपासत नाहीत.

प्रश्न : माझा वाद बांधकामाचा आहे. लवाद आयुष्यभर विम्याचे दावे लढलेला. त्याला प्रशिक्षण तरी दिलेलं असतं का?

फेडरल कायदा म्हणतो की तटस्थ म्हणून बसणारी व्यक्ती पात्र आणि प्रशिक्षित असावी. पण किती तास, कोणता अभ्यासक्रम, हे तो सांगत नाही. ते कोर्टावर सोडलेलं आहे. प्रशिक्षण असलं तरी ते सुनावणी कशी चालवायची, पुरावा कसा घ्यायचा, निवाडा कसा लिहायचा यासाठी उपयोगी पडतं. काँक्रीट कशाने तडकतं हे त्यातून कळणार नाही. ते तुम्हालाच समजावून सांगावं लागेल: फोटो, मोजमापं, बिलं तारखेनुसार लावलेली आणि तज्ज्ञाचा अहवाल साध्या भाषेत. विषयातला जाणकार हवा असेल, तर नाव ठरण्याआधी दोन्ही बाजूंनी मिळून ते सुचवता येतं का, हे वकिलाला विचारा. लवाद ठरल्यावर नुसतं ‘त्याला यातलं कळत नाही’ म्हणून त्याला हटवता येत नाही.

प्रश्न : लवाद आणि समोरच्या पक्षाचा वकील दहा वर्षांपूर्वी एकाच फर्ममध्ये होते. शिवाय समोरची कंपनी शेअर बाजारात आहे. लवादाकडे तिचे शेअर असतील तर?

पात्रतेत कोर्टं सैल, पण इथे कडक. फेडरल कोर्टाच्या लवादाला न्यायाधीशासारखी शपथ घ्यावी लागते आणि न्यायाधीशाला खटल्यापासून दूर ठेवणारे नियम त्यालाही लागू होतात.

आधी शेअर. पक्षकार कंपनीचा एक शेअर जरी स्वतःकडे, जोडीदाराकडे किंवा घरातल्या अल्पवयीन मुलाकडे असला, तरी लवादाने बाजूला व्हायचं. रक्कम किती, हा प्रश्नच येत नाही, आणि पक्षकारांनी ‘आमची हरकत नाही’ म्हटलं तरी चालत नाही. म्युच्युअल फंडातून आलेली मालकी मात्र, फंडाच्या कारभारात त्याचा हात नसेल तर, धरली जात नाही. जवळच्या नात्यातलं कोणी पक्षकार किंवा त्या खटल्यातला वकील असेल, तरीही लवादाने दूर राहायचं.

जुन्या फर्मचं उत्तर इतकं सरळ नाही. ते एकत्र असताना हाच वाद त्या फर्मकडे आला होता का, हे आधी पाहा. तसं असेल तर लवाद बाद. नसेल, तर दहा वर्षांपूर्वीची ओळख सहसा पुरत नाही. वकिलांची दुनिया छोटी असते. बार असोसिएशनच्या जेवणाला सगळेच भेटतात. कसोटी ही, की सगळी माहिती असलेल्या समंजस त्रयस्थाला या लवादाच्या तटस्थतेबद्दल रास्त शंका येईल का? त्या दोघांचे आजही पैशाचे व्यवहार असतील, तर येईल. अशी नुसती शंकेची बाब असेल, तर लवादाने ती कोर्टाच्या नोंदीवर पूर्णपणे उघड केल्यावर दोन्ही पक्ष संमती देऊन पुढे जाऊ शकतात.

हरकत घ्यायची तर लगेच घ्या. निवाडा विरोधात गेल्यावर काढलेल्या जुन्या मैत्रीकडे कोर्टं संशयाने बघतात, आणि ते बरोबरच आहे. कॅलिफोर्नियात पूर्वग्रहाचं नुसतं प्रतिज्ञापत्र देऊन, कारण सिद्ध न करता लवाद बदलून मागता येतो. पण लवादाचं नाव ठरल्यापासून पाच दिवसांत.

प्रश्न : सुनावणीआधी लवादाला फोन करून माझी बाजू थोडक्यात सांगू का?

अजिबात नको. तडजोडीत किती रकमेची बोलणी झाली, हेही त्याच्या कानावर घालू नका.

प्रश्न : निवाडा विरोधात गेला. पुढच्या खटल्यात न्यायाधीश त्याच चष्म्यातून पाहतील ना?

फेडरल योजनेत निवाडा बंद ठेवला जातो. अंतिम निकाल होईपर्यंत किंवा खटला इतर मार्गाने संपेपर्यंत तो त्या न्यायाधीशाला कळू द्यायचा नसतो. नव्या सुनावणीची मागणी तिथे निवाडा दाखल झाल्यापासून ३० दिवसांत करायची, कॅलिफोर्नियात ६० दिवसांत. मुदत चुकली की तोच निवाडा कोर्टाचा हुकूम होतो. कॅलिफोर्नियात नव्या खटल्यात आधीपेक्षा चांगलं काही मिळालं नाही, तर समोरच्याचा त्यानंतरचा खर्च साधारणपणे तुमच्यावर येतो. वकिलाशी हा हिशेब आधीच मांडा.

प्रश्न : मी कायद्याची विद्यार्थिनी आहे. भारतात लवादाची पात्रता कायद्याने ठरवली आहे का?

लवाद आणि सलोखा कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीने आठवी अनुसूची आणून ती ठरवली होती. परदेशी लवादांना ती जवळजवळ दार बंद करणारी होती आणि टीका भरपूर झाली. नोव्हेंबर २०२०च्या अध्यादेशाने ती वगळली, २०२१च्या कायद्याने त्यावर शिक्कामोर्तब झालं. हितसंबंधांची पाचवी आणि सातवी अनुसूची मात्र कायम आहे. आणखी एक फरक लक्षात ठेवा: दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८९खाली कोर्ट वाद लवादाकडे पाठवू शकतं, पण सर्व पक्षांच्या संमतीशिवाय नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्ये अ‍ॅफकॉन्स प्रकरणात ते स्पष्ट केलं आहे. अभ्यासाला त्या निकालापासून सुरुवात करा.